गाडी बंद पडली की मनात काय बोलता, ते वहीत लिहा

नाशिकमध्ये मी फक्त बायकांना गाडी शिकवते. येणाऱ्यांत चाळिशी ओलांडलेल्याच जास्त. क्लच, ब्रेक, गिअर हे सगळं बहुतेकींना दोन-तीन आठवड्यांत जमतं. त्यानंतर जे अडतं ते पायात नसतं. पक्कं लायसन्स पर्समध्ये, गाडी पार्किंगमध्ये धूळ खात, आणि बाई मात्र रिक्षाने रविवार कारंजाला. असं वर्षानुवर्षं चालतं. म्हणून माझ्या क्लासमध्ये पहिल्या दिवशी शंभर पानी वही आणावी लागते. गाडीचे भाग लिहायला नाही. मनातलं लिहायला.

‘स्वतःवर काम करा’, ‘माइंडसेट बदला’ हे हल्ली उठता-बसता कानावर पडतं. पण सकाळी चहा झाल्यावर नक्की काय करायचं, हे सांगणारे कमी. मी जी पद्धत शिकवते ती माझ्या डोक्यातून निघालेली नाही. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ती 1955 च्या सुमारास मांडली. आज तिला आरईबीटी म्हणतात, म्हणजे रॅशनल इमोटिव्ह बिहेव्हिअर थेरपी: त्रास देणारे हट्टी विचार पकडून बदलायची पद्धत. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी अनेक वर्षं पत्रव्यवहार केला आणि ही पद्धत आपल्याकडे रुजवली, त्यामुळे मराठीत त्यावर वाचायलाही मिळतं. मुळातला विचार फार जुना. एपिक्टेटस हा गुलामगिरीत जन्मलेला तत्त्वज्ञ होता. माणसाला घटना त्रास देत नाहीत, त्या घटनेबद्दलचं त्याचं मत त्रास देतं, असं तो शिकवायचा. एलिस यांनी ते श्रेय मोकळेपणाने दिलं आणि त्यातून रोज करता येईल असं काम तयार केलं.

मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. शेजारच्या सीटवर बसून ज्या घाबरलेल्या बायका पाहिल्या, त्यांना ज्याचा उपयोग झाला तेवढंच सांगते.

वाक्य पकडायचं

वहीच्या पानावर उभ्या दोन रेघा मारा. तीन रकाने झाले. पहिल्यात काय घडलं, दुसऱ्यात मनात काय बोललात, तिसऱ्यात त्याचा परिणाम काय झाला. पहिला आणि तिसरा पटापट भरतात. मधला कोरा राहतो, आणि खरं काम सगळं मधल्यातच आहे.

माझ्याकडे एक मुख्याध्यापिका यायच्या. सिन्नर तालुक्यातल्या शाळेत रोज एसटीने जात. स्वतः गाडी चालवत जायचं एवढंच त्यांना हवं होतं. शाळेत त्यांचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचतो. पण मुंबई नाक्याच्या सिग्नलला गाडी बंद पडली, मागून रिक्षावाल्याने हॉर्न धरून ठेवला, आणि बाईंचे हात स्टिअरिंगवरून सुटून मांडीवर आले. माझ्याकडच्या क्लच-ब्रेकने मी गाडी बाजूला घेतली. पदराने चेहरा पुसत त्या म्हणाल्या, “मॅडम, आता तुम्हीच न्या घरी.”

त्या दिवशीच्या पानावर मधल्या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘घाबरले. मला जमत नाही.’

‘घाबरले’ ही भावना झाली, ती तिसऱ्या रकान्यात ढकला. ‘मला जमत नाही’ हे वाक्य आहे, पण वरवरचं. खाली आणखी काहीतरी असतं. ते काढायला मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारते: समजा तसं झालं, तर मग काय? त्यांचं असं निघालं:

जमलं नाही, तर मग काय? — गाडी रस्त्यात बंद पडेल.
मग काय? — मागचे लोक हॉर्न मारतील.
मग काय? — म्हणतील, हिला कुणी दिली गाडी.
म्हणू देत, मग काय? — शाळा चालवणारी बाई आणि एवढं साधं येत नाही. म्हणजे मी मठ्ठच. मला सगळं व्यवस्थित यायलाच पाहिजे.

हे शेवटचं वाक्य हाती आलं की थांबायचं. त्याची खूण अशी की लिहिताना हात जरा अडखळतो, कधी डोळ्यांत पाणीही येतं. पहिल्या बैठकीत नाही सापडलं तर दुसऱ्या दिवशी सापडतं. घरी एकटीने करत असाल तर प्रश्न मोठ्याने विचारा, मनातल्या मनात विचारला की मन लगेच शेजारच्या गल्लीत पळतं. आणि लिहायचं त्याच दिवशी, रात्री झोपायच्या आत. दोन दिवसांनी लिहायला बसलात तर जे आठवतं ते सारवासारव केलेलं असतं.

सापडणारी वाक्यं साधारण चार जातींची असतात, हेही एलिस यांनीच सांगून ठेवलंय. एक, मागणी: असं झालंच पाहिजे, लोकांनी माझ्याशी असंच वागलं पाहिजे. दोन, भयंकरीकरण: गाडी बंद पडणं म्हणजे जगबुडी. तीन, मला हे सहनच होणार नाही. चार, माझ्या हातून हे चुकलं म्हणजे मीच टाकाऊ. बाईंच्या एका ओळीत पहिली आणि चौथी जात हातात हात घालून बसली होती. बहुतेकींचं असंच असतं. जात ओळखता नाही आली तरी फार बिघडत नाही.

वाक्याला प्रश्न विचारायचे

आता त्या वाक्याला उलट प्रश्न. सौम्य नाही, वकिलासारखे.

पुरावा काय? मला सगळं यायलाच पाहिजे, असा नियम कुठे लिहिलाय? यावंसं वाटणं वेगळं, त्यात काहीच गैर नाही. पण हॉर्न मारणाऱ्या रिक्षावाल्याने माझ्या सोयीने गप्प बसावं, हा हट्ट झाला. नाशिकचे रिक्षावाले हट्टाला भीक घालत नाहीत.

झालं ते शंभरातलं किती वाईट? इथे मी बायकांना आकडा लिहायला लावते. बाईंनी आधी नव्वद लिहिलं. मग मी विचारलं, आठ दिवस हॉस्पिटलमध्ये राहावं लागलं तर किती? त्या म्हणाल्या, साठ. थोडा वेळ वहीकडे बघत बसल्या आणि नव्वद खोडून बारा केलं.

हे वाक्य धरून ठेवून माझं काय भलं होतंय? ‘मी मठ्ठ आहे’ म्हटल्याने क्लच नीट सुटतो का? उलट पाय थरथरतो आणि गाडी दुसऱ्यांदा बंद पडते.

‘मीच टाकाऊ’ या जातीचं उत्तर बाईंनी स्वतःच शोधलं, आणि ते मी आता सगळ्यांना सांगते. त्या म्हणाल्या, प्रगतिपुस्तकात आम्ही विषयांना गुण देतो, पोराला देत नाही. गणितात नापास झालेल्या मुलाला मी कधी ‘नापास मुलगा’ म्हणत नाही. मग स्वतःला काय म्हणून म्हणतेय? एलिस हेच पानंच्या पानं समजावत राहिले: कृतीला गुण द्या, माणसाला देऊ नका.

नवं वाक्य, पण गोड नको

इथे बऱ्याच जणी आरशावर चिठ्ठी चिकटवतात: ‘मी उत्तम ड्रायव्हर आहे.’ माझं स्पष्ट मत, ती चिठ्ठी काढून टाका. तुम्ही अजून उत्तम ड्रायव्हर नाही आहात हे तुमच्या मनाला ठाऊक आहे. खोटं वाक्य पहिल्या हॉर्नला गळून पडतं, आणि मग आधीच्यापेक्षा जास्त लागतं. सकाळी ग्रुपवर येणाऱ्या सुविचारांचंही तेच. वाचताना बरं वाटतं, द्वारका चौकात उपयोग शून्य.

नवं वाक्य खरं असलं पाहिजे आणि त्यात वाईट शक्यतेलाही जागा पाहिजे. बाईंचं असं तयार झालं: ‘गाडी बंद पडू नये असं मला फार वाटतं. पण पडू शकते. पडली तर मागचे चिडतील, मला लाज वाटेल, ती सोसण्यासारखी आहे. क्लच दाबीन, न्यूट्रल करीन, चालू करीन, निघेन.’

शेवटच्या ओळीकडे बघा, तिथे पुढची कृती आहे. माझा आग्रह असतो की वाक्याचा शेवट हातापायांवर व्हावा. नुसतं ‘मी शांत राहीन’ हे पोकळ आहे, कारण ‘शांत’ नावाचा कुठला गिअर नसतो.

हे वाक्य स्वतःच्या बोलीत लिहा. पुस्तकी मराठीत लिहिलेलं रस्त्यावर आठवत नाही. एका मावशींचं वाक्य एवढंच होतं: ‘वाजव बाबा, मी निघतेच.’ चांगलं चाललं त्यांचं.

आता मुद्दाम तेच करायचं

वहीत कितीही लिहिलं तरी भीती वहीत मरत नाही. हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि मग ‘मी हे सगळं करून पाहिलं, काही फरक पडला नाही’ म्हणतात.

एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरायचे. 19 वर्षांचे असताना त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या बोटॅनिकल गार्डनमध्ये जाऊन, बाकावर एकटी बसलेली बाई दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायला सुरुवात करायची, असं ठरवलं. ते सांगायचे, महिनाभरात 130 जणींच्या शेजारी बसलो, 30 जणी उठून गेल्या, 100 जणींशी बोललो. त्यातल्या एकीनेच पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. हाती काही लागलं नाही, पण बोलायची भीती गेली. पुढे त्यांनी लाज मोडायचे व्यायामच काढले: लोकांसमोर मुद्दाम काहीतरी हास्यास्पद, पण कुणाला इजा न करणारं करायचं आणि लाज वाटत असताना तिथेच उभं राहायचं.

माझ्या क्लासमध्ये त्याचं रूप असं. रविवारी पहाटे शहराबाहेर नव्या लेआउटच्या रिकाम्या रस्त्यावर जातो. तिथे बाईंना मी सांगितलं, गाडी मुद्दाम बंद पाडा. पहिल्या गिअरमध्ये क्लच पटकन सोडा. गाडी हिसका देऊन थांबली. दचकल्या. म्हटलं, तुमचं वाक्य मोठ्याने म्हणा आणि निघा. पुन्हा पाडा. पुन्हा. मी मोबाइलवर वेळ लावली होती. बंद पडल्यापासून पुन्हा निघेपर्यंत सुरुवातीला वीसेक सेकंद लागत होते, शेवटी शेवटी सात-आठ. पाचव्या-सहाव्या वेळी मागून मीच तोंडाने हॉर्न वाजवायला लागले, तेव्हा त्या इतक्या हसल्या की गाडी खरोखरच बंद पडली.

मग थोडी वर्दळ असलेला रस्ता, मग उड्डाणपुलाचा चढ. चढावर हँडब्रेक ओढलेला ठेवायचा, हाफ क्लचला बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं होतं तिथे पाय थांबवायचा, थोडी रेस द्यायची आणि हँडब्रेक सोडायचा. हे तंत्र मी आधीही शिकवलं होतं. पण ‘मागे गेले तर मेलेच’ हे वाक्य डोक्यात चालू असताना पायाला बॉनेटचं उचलणं कळत नाही. वाक्य उतरल्यावर कळायला लागतं. मनाचं काम कौशल्याला कसं उपयोगी पडतं, हे मला या एका चढावर जितकं दिसलं तितकं कुठे दिसलं नाही. आणि कौशल्याची जागा ते घेत नाही. वही लिहून गाडी येत नाही, तासन्‌तास चालवूनच येते.

मुद्दाम गाडी बंद पाडणं खऱ्या वाहतुकीत करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. तरी सांगते.

ज्यांना गाडी मिळत नाही त्यांनी रात्री पाच मिनिटं डोळे मिटून तो सिग्नल उभा करावा. हॉर्न ऐकावा, छाती धडधडू द्यावी. मग प्रसंग तोच ठेवून, फक्त वाक्य बदलून, धडधड ‘नकोसं वाटतंय’ इथपर्यंत खाली आणावी. शून्यावर आणायच्या भानगडीत पडू नये. बाई मुंबई नाक्यावरून पुढे एकट्या सिन्नरला गेल्या तेव्हाही तळवे ओले होतेच, असं त्यांनीच सांगितलं.

वेळापत्रक

लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं आणि मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्यासाठी टेस्ट देता येते. त्या तीस दिवसांत रोज एक पान. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. पहिल्या आठवड्यात फक्त वाक्य पकडा, वाद घालू नका. दुसऱ्यापासून प्रश्न. तिसऱ्यापासून रोज एक छोटी, किंचित भीतीदायक कृती. मागची पानं दर रविवारी वाचा. तीच दोन-तीन वाक्यं कपडे बदलून येताना दिसतील, आणि ती फक्त गाडीपुरती नसतात. ‘मला सगळं यायलाच पाहिजे’ म्हणणारी बाई बँकेत फॉर्म भरताना, मुलाच्या सासरच्यांसमोर, इंग्रजीत बोलायची वेळ आली की तेच म्हणत असते. माझ्याकडच्या एका अकाउंटंट मुलीने गाडीची वही पुढे चालू ठेवली आणि पगारवाढ मागायला साहेबांच्या केबिनमध्ये जाण्याआधी एक पान भरलं. वाढ मागितल्यापेक्षा कमी मिळाली. पण तीन वर्षं न मागितलेली तिने मागितली.

सगळ्याच भीतीशी वाद घालायचा नाही, हेही लक्षात घ्या. नवशिकीला पावसात रात्री कसारा घाट उतरायची भीती वाटत असेल तर ती भीती शहाणी आहे, तिचं ऐका. श्रावणी सोमवारी त्र्यंबक रोडला जाऊ नये असं वाटतं? मलाही वाटतं. ओळखायचं असं: शहाणी काळजी काहीतरी करायला सांगते, वायपर तपास, दिवसा नीघ, सोबत घे. दुसरी भीती नुसतीच ‘नको’ म्हणते आणि पलंगावर बसवते.

आणि काही ठिकाणी ही वही पुरत नाही. अपघात झालेला असेल आणि गाडीत बसताच तो पुन्हा दिसत असेल, श्वास कोंडत असेल, झोप उडाली असेल, तर शिकवणी थांबवून मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. 14416 हा सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकते. घरात गाडी एकच, ती कायम ‘त्यांना’ लागते, पेट्रोलचे पैसे मागावे लागतात, गाडीला ओरखडा आला की आठ दिवस टोमणे. अशा बाईला ‘तुझा माइंडसेट बदल’ म्हणणं मला लबाडीचं वाटतं. तिचं मन ठीक आहे, घराची वाटणी ठीक नाही. वहीचा उपयोग तिथे एवढाच की ‘मी मागितलं तर घरात वाद होईल आणि तो मला सहन होणार नाही’ या वाक्याला प्रश्न विचारता येतो. मग मागणं हे करावंच लागतं, आणि नाही मिळालं तर तो दोष तिच्या विचारांचा नाही.

घरच्यांचा विषय निघालाच आहे तर डाव्या सीटबद्दल. पहिले काही महिने तिथे बसणाऱ्या माणसाला निघण्याआधी, गाडी उभी असताना, तीन गोष्टी सांगा. ‘ब्रेक ब्रेक’ ओरडायचं नाही. हँडब्रेकला हात लावायचा नाही. काही सांगायचं असेल तर घरी पोचल्यावर. एवढं पाळणं जमत नसेल तर त्याने मागच्या सीटवर बसावं. बेल्ट मात्र मागेही लावायचा.